लेस्टरच्या बाटलीवरचा कर आणि मुलुंडची आई

या आठवड्याचं पत्र मुलुंड पूर्वेहून आलंय. थोडं छाटून देतो.

“दादा, नमस्कार. मी शाळेत शिकवत होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा नऊ वर्षं झाली, इंग्लंडात लेस्टरला असतो. सून आहे, दोन वर्षांची नात आहे. तो दिवसाला दहा सिगारेटी ओढायचा. माझ्या निवृत्तीच्या वर्षीच त्याने ‘आई, सोडली’ म्हणून कळवलं, तेव्हा मी सिद्धिविनायकाला जाऊन पेढे ठेवून आले. मागच्या वर्षी कळलं की सिगारेट सुटली, पण आता तो वाफेचं ओढतो, व्हेप. पेढ्यांचा हिशोब देवालाच ठाऊक. आता म्हणतो, १ ऑक्टोबरपासून तिथलं सरकार त्या लिक्विडवर कर लावणार आणि त्याची तेरा पाउंडांची मोठी बाटली पंचेचाळीसला पडणार. महिन्याला एक बाटली लागते. आमचे हे म्हणतात, ‘मग बघ, सिगारेटच परवडेल त्याला.’ माझी झोप उडाली आहे. पुतण्या कॉलेजात आहे, तो म्हणतो, ‘काकू, आमच्या इथे टपरीवर मिळतं, टॅक्सबिक्स काही नाही, दादाला कुरिअर करू.’ सूनबाई म्हणते, कर लागायच्या आत वर्षाचा साठा करून ठेवू, दिवाळीला येताना त्यातलंच थोडं सोबत आणू. मी त्याला दर महिन्याला काही पैसे पाठवू का? तो खरंच सिगारेटकडे परत जाईल का? परवा व्हिडिओ कॉलवर ओट्यावर नातीच्या दुधाच्या बाटलीशेजारी त्याची ती बाटली दिसली. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.”

ताई, पैसे पाठवू नका. पत्रात प्रश्न चार आहेत, पण तुमचा जीव या एकातच अडकलाय हे कळतं, म्हणून आधी तो मोकळा करतो. मुलगा मिळवता आहे, आणि जो कर येतोय त्यातला दोन तृतीयांश तरी त्याला स्वतःच टाळता येण्यासारखा आहे, तोही सरळ मार्गाने. तुमच्या पेन्शनमधून इंग्लंडच्या तिजोरीत भर घालायचं कारण नाही. आपल्या लोकांनी दीडशे वर्षं घातली, तेवढी पुष्कळ झाली.

आता तो कर. १ ऑक्टोबर २०२६ पासून त्या देशात व्हेपच्या लिक्विडवर दर १० मिलिलिटरमागे २ पाउंड २० पेन्स लागणार. त्याच्यावर पुन्हा २० टक्के व्हॅट. म्हणजे १० मिलिलिटरला २ पाउंड ६४ पेन्स. भरायचा आहे उत्पादकाने किंवा आयातदाराने, पण कुठलाही व्यापारी असली रक्कम स्वतःच्या खिशातून फार दिवस भरत नाही, त्यामुळे ती गिऱ्हाइकावरच येणार असं धरून चाला. यातली खरी मेख वेगळीच आहे. लिक्विडमध्ये निकोटिन किती, याच्याशी या कराला देणंघेणं नाही. कडक असो, सौम्य असो, निकोटिनचा थेंबही नसलेलं नुसतं आंब्याच्या वासाचं असो, मिलिलिटर मोजायचे आणि कर लावायचा. ओढायच्या यंत्रावर, त्यातल्या लिक्विड तापवणाऱ्या तारेवर म्हणजे कॉइलवर हा कर नाही. फक्त पातळ पदार्थावर.

म्हणून ‘बाटली पंचेचाळीसला’ हे तुमच्या चिरंजीवांचं वाक्य खरं असलं तरी ते त्यांच्याच बाटलीपुरतं खरं आहे. ती बाटली काय प्रकारची आहे ते तुमच्या पत्रावरून कळलं. तिथल्या नियमाने निकोटिन असलेली बाटली १० मिलिलिटरहून मोठी विकता येत नाही, आणि एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमहून जास्त निकोटिन चालत नाही. हा नियम युरोपातून आला आणि युरोप सोडल्यावरही राहिला. दुकानदारांनी त्यातून वाट काढली. १०० मिलिलिटर बिननिकोटिनचं लिक्विड मोठ्या बाटलीत भरायचं, वर थोडी जागा रिकामी ठेवायची आणि सोबत १० मिलिलिटरच्या दोन छोट्या निकोटिनच्या कुप्या द्यायच्या. गिऱ्हाइकाने घरी जाऊन कुप्या आत ओतायच्या, झाकण लावून हलवायचं, झालं १२० मिलिलिटर. याला तिथे शॉर्टफिल म्हणतात, आणि कुप्यांना निकोटिन शॉट. मोठं यंत्र, भरपूर धूर, सौम्य निकोटिन, असं ओढणाऱ्यांसाठी हा आजवरचा सगळ्यांत स्वस्त मार्ग होता.

नेमका तोच आता सगळ्यांत महाग झाला. १२० मिलिलिटर म्हणजे २६ पाउंड ४० पेन्स कर, व्हॅट धरून ३१ पाउंड ६८ पेन्स. त्यात मूळचे तेरा मिळवले की पंचेचाळीस होतातच. पाउंड ढोबळ १२० रुपयांना धरला तर नुसता कर महिन्याला ३,८०० रुपये, वर्षाला साडेपंचेचाळीस हजारांच्या घरात. तुमच्या यजमानांचा जीव का दडपला ते कळतं.

पण त्याच गल्लीतला दुसरा एखादा मुलगा बघा, जो २ मिलिलिटरचा पॉड, म्हणजे लिक्विड भरलेलं छोटं काडतूस, विकत घेऊन ओढतो. त्याच्या पॉडवर कर लागेल व्हॅटसकट ५३ पेन्स. तो दुकानात जरा कपाळाला आठी घालेल आणि पॉड घेऊन निघून जाईल. पॉड २० मिलिग्रॅमचे असले तर असे नऊ म्हणजे तुमच्या मुलाच्या अख्ख्या बाटलीएवढं निकोटिन, आणि कर सगळा मिळून पावणेपाच पाउंड.

गंमत म्हणजे हा कर आधी असा नव्हता. मार्च २०२४ मध्ये जेरेमी हंट अर्थमंत्री असताना निकोटिनप्रमाणे तीन पायऱ्या ठरल्या होत्या: बिननिकोटिनच्या लिक्विडला १० मिलिलिटरमागे १ पाउंड, मधल्याला २, कडकला ३. त्या हिशोबाने तुमच्या मुलाच्या बाटलीवर व्हॅट सोडून १६ पाउंड बसले असते. मग सरकार बदललं, ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये नव्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी पायऱ्या काढून टाकल्या आणि सगळ्यांना एकच सपाट दर लावला. सपाट दर हिशोबाला सोपा असतो, हे मी बँकेत काढलेल्या वर्षांच्या जोरावर सांगू शकतो. पण तो सौम्य ओढणाऱ्याला जास्त बसतो, हेही तितकंच खरं.

इथे माझं स्वतःचं थोडं सांगतो. मी बावीस वर्षं सिगारेट ओढली. फोर्टात नोकरी, व्हीटीला उतरायचं, ऑफिस गाठेपर्यंत दोन, दुपारी जेवणानंतर दोन, परत येताना फलाटावर एक. तेव्हा दर बजेटला सिगारेट महागायची. आमचा टपरीवाला तर बजेटच्या आदल्या संध्याकाळीच जुना माल काउंटरखाली सरकवायचा आणि ‘साहब, माल नहीं है’ म्हणायचा. दरवर्षी मी मित्रांना सांगायचो, की या बजेटला सोडतो. सोडली एकदाही नाही. केलं काय, तर लांब सिगारेटवरून आखूड सिगारेटवर आलो. कारण आपल्याकडे सिगारेटवरचा कर तिच्या लांबीवर ठरतो, मिलिमीटरवर. ६५ मिलिमीटरच्या आतली एक स्वस्त पायरी सरकारने आणली आणि बघता बघता बाजारात ६४ मिलिमीटरच्या सिगारेटी आल्या. माझ्यासारख्या हजारोंनी त्या घेतल्या आणि दोन जास्त ओढल्या. या वर्षी १ फेब्रुवारीपासून आपल्याकडे नवी एक्साइज ड्युटी आली, हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये, वर ४० टक्के जीएसटी. तीही लांबीवरच.

हे सांगायचं कारण, कर ज्या मापाने लावतात त्या मापाने सवय वाकते. आपल्याकडे माप मिलिमीटर, तिथे मिलिलिटर. तुमच्या मुलाच्या हातात आता हे माप आहे, आणि ते त्याने माझ्यासारखं वेडंवाकडं न वापरता नीट वापरायला हवं.

म्हणजे कसं, तर त्याची १२० मिलिलिटरची बाटली निकोटिनच्या हिशोबाने बघू. दोन कुप्या, १० मिलिलिटरच्या, मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमच्या. म्हणजे एकूण ३६० मिलिग्रॅम निकोटिन. ते १२० मिलिलिटरमध्ये पातळ केलं की मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम. आता तेवढंच निकोटिन २० मिलिग्रॅमच्या लिक्विडमधून घ्यायचं तर १८ मिलिलिटर पुरतं. त्यावरचा कर पावणेपाच पाउंड. एकीकडे पावणेबत्तीस, दुसरीकडे पावणेपाच. वास घालून पाणी विकत घ्यावं आणि पाण्यावर कर भरावा, तसं त्याचं आत्ता चाललंय. (पाणी नसतं त्यात, ग्लिसरिन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, पण मुद्दा तुम्हाला कळला.)

अर्थात माणूस काही कॅल्क्युलेटर नाही. तीनवरून एकदम वीसवर उडी मारायला मी सांगणार नाही, आणि त्याच्या मोठ्या यंत्रात तर वीसचं लिक्विड चुकूनही घालायचं नाही. घसा पकडेल, चक्कर येईल, मळमळेल. त्यासाठी कमी ताकदीचं, पुन्हा भरता येणारं छोटं पॉडचं यंत्र लागतं. ते तिथे पंधरा-वीस पाउंडांत मिळतं, आणि सांगितलं तसं यंत्रावर हा कर नाही. त्यात १० मिलिग्रॅमचं लिक्विड, महिन्याला १० मिलिलिटरच्या चार बाटल्या. निकोटिन आधीपेक्षा जरा जास्तच झालं, ४०० मिलिग्रॅम, म्हणजे कमी पडायची भीती नाही. कर किती, १० पाउंड ५६ पेन्स. बाटल्यांचे बारा-एक पाउंड धरले तर महिना साडेबावीस पाउंडांत भागला. पंचेचाळीसच्या निम्मा. धूर कमी निघेल, त्याची त्याला हळहळ वाटेल. आठवडाभर वाटू दे.

हे त्याला तुम्ही सांगू नका. हे आकडे तुमच्या तोंडून गेले तर त्याला वाटेल आईने मान्यता दिली, आणि ‘आई, तुला काय कळतं’ही होईल, दोन्ही एकदम. माझा हा मजकूर तसाच पाठवा. जमल्यास ‘वाच’ एवढंच लिहा.

आता यजमानांचा मुद्दा, सिगारेटच परवडेल. नाही परवडणार. तिथे वीस सिगारेटींचं पाकीट १६ पाउंडांच्या आसपास आहे. दिवसाला दहा म्हणजे महिन्याला पंधरा पाकिटं, २४० पाउंड. आणि त्याच १ ऑक्टोबरला तिथे तंबाखूवरचा करही वाढतोय, १०० सिगारेटींमागे २ पाउंड २० पेन्स. व्हेप महागलं म्हणून लोकांनी उलट फिरून सिगारेटकडे जाऊ नये, एवढ्यासाठीच ही वाढ एकत्र ठेवली आहे. तेव्हा काहीही न बदलता तो पंचेचाळीसची बाटली घेत राहिला, तरी तो जुन्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्यात आहे. यजमानांना हे आकडे दाखवा, ते पटकन मानतील असं वाटत नाही, पण निदान चहा पिताना गप्प बसतील.

एकच भीती आहे, ती चोरट्या मालाची. दुकानदाराने काउंटरच्या खालून काढलेली स्वस्त सिगारेट किंवा लेबल नसलेली लिक्विडची बाटली. कर आला की असा माल वाढतो, हे बऱ्याच देशांत दिसलंय. त्यासाठी तिथलं सरकार बाटल्यांच्या खोक्यांवर कर भरल्याचा शिक्का सक्तीचा करतंय, आपल्या दारूच्या बाटलीवर एक्साइजची पट्टी असते तसा. बिनशिक्क्याचा जुना माल दुकानांना ३१ मार्च २०२७ पर्यंत विकता येईल. १ एप्रिलपासून मात्र शिक्का नसलेली बाटली दुकानात दिसली तर ती घ्यायची नाही, कितीही स्वस्त असो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली होती. २,८०० वर लोक इस्पितळात गेले, ६८ दगावले. तपासात मुख्य दोषी निघालं ते गांजाच्या अर्काच्या चोरट्या काडतुसांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. कुणी, कुठे, काय भरलं ते लिहिलेलं नव्हतं, तिथेच घात झाला.

या सहा महिन्यांच्या सवलतीतच सूनबाईच्या साठ्याचं उत्तर आहे. १ ऑक्टोबरच्या सकाळी सगळीकडे एकदम भाव चढतील असं नाही. ज्यांच्याकडे जुना माल आहे ते काही दिवस जुन्या किमतीत देतील. स्वतःपुरतं आधी घेऊन ठेवणं गैर नाही. पण वर्षाचं? बारा मोठ्या बाटल्या? निकोटिन हवेने आणि उजेडाने उतरतं, लिक्विड काळवंडतं, चव जाते. शिवाय घरात फरसाणाचा डबा भरलेला असला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन महिन्यांचं घ्यावं, आणि तेही छोट्या यंत्राचा विचार पक्का झाल्यावरच, नाहीतर नको असलेल्या मापाचा माल घरात पडेल.

आता पुतण्या. त्याला समोर बसवून सांगा, जरा आवाज चढवून सांगितलंत तरी चालेल. भारतात ई-सिगारेटवर, म्हणजे याच व्हेपवर, कर नाही, कारण कायद्याने भारतात ई-सिगारेटच नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला सरकारने वटहुकूम काढून बंदी घातली आणि त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, बाहेर पाठवणं, वाहून नेणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. अख्खं यंत्र असो की त्याचा एखादा भाग, निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याचं ते कुरिअर म्हणजे वाहतूक आणि निर्यात, दोन्ही कलमात बसतं. दादाचे महिना तीन हजार वाचवायला निघालेल्या पोराच्या नावावर पदवीच्या आधी पोलिसांत नोंद झाली, तर पुढे पासपोर्टच्या चौकशीला काय सांगणार?

आणि टपरीवरचं स्वस्तही नाही ते. करच नाही म्हणजे बिल नाही, बिल नाही म्हणजे किंमत त्याच्या तोंडाला येईल ती. आत काय आहे ते तर टपरीवाल्यालाही माहीत नाही. मी मागे आमच्या नाक्यावर एक पाहिली, कुणा मुलाने बाकावर विसरलेली. पेनासारखी, गुलाबी, वर कलिंगडाचं चित्र, मागे बारीक अक्षरांत ‘हजारो पफ’ आणि खाली बनवणाऱ्याचं नाव असायला हवं तिथे कोरी पांढरी जागा. मी ती जागा बराच वेळ बघत होतो. पुतण्या स्वतः ओढतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही. मला वाटतं, विचारावं. रागाने नको, आणि त्याच्या आईसमोर तर नकोच.

दिवाळी. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तो महिन्याच्या सुरुवातीला येत असेल. येताना व्हेप, लिक्विड, सुटा पॉड, काही म्हणजे काही आणायचं नाही. तिथे कायदेशीर विकत घेतलं, पावती आहे, स्वतःपुरतंच आहे, हे सहारच्या विमानतळावर उपयोगाचं नाही, कारण आयातीलाच बंदी आहे. विमानतळावर घेतलेलंही नाही. ग्रीन चॅनलने गुपचूप निघू हे तर अजिबात नाही. नात कडेवर, चार बॅगा, आणि कस्टमच्या टेबलावर त्याची बॅग उघडलेली, हे दृश्य सूनबाईंना आधीच डोळ्यांपुढे आणायला सांगा.

ताई, तुमची झोप खरं तर इथे उडायला हवी होती. तो सिगारेटकडे परत जायचा धोका ऑक्टोबरात लेस्टरला नाही, नोव्हेंबरात मुलुंडला आहे. तिथे एक सिगारेट ८० पेन्सला पडते, तेवढ्यात इथे फेब्रुवारीच्या वाढीनंतरही तीन-चार येतात. व्हेप तिकडे ठेवून आलेला, तीन आठवडे, घरात पाहुणे, रात्री गच्चीवर जुने मित्र, खाली उतरलं की टपरी. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, पण हे टपरीवर जाऊन सांगितलंत तर तो आधी हसेल आणि मग लायटर पुढे करेल. अशा वेळी ‘एकच’ म्हणून पेटवलेली पुन्हा पाकिटावर नेते. माझा एक सहकारी दोन वर्षं सुटलेला होता, भाच्याच्या लग्नात मांडवामागे एक घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत ओढत होता.

म्हणून तयारी आधीपासून हवी. निकोटिनचे पॅच आणि गम तिथल्या फार्मसीत मिळतात. त्यांना हा नवा कर लागत नाही, आणि व्हॅटही २० ऐवजी ५ टक्के आहे. यायच्या दोन आठवडे आधी त्याने त्यांची सवय करून घ्यावी, दिवसा पॅच आणि फारच वाटलं तर गम. तिकडे धूम्रपान सोडवणाऱ्या सेवा सरकारी आहेत, फुकट आहेत, कुठला पॅच किती ताकदीचा हे त्या सांगतात. फोन करायला लाज वाटते पुरुषांना, पण त्याने केला तर बरं. इथे २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतो, एक पाकीट आणून देवघराच्या नाही पण टीव्हीच्या कपाटात ठेवा, मागायची वेळ आणू नका. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, तिथे फुकट बोलता येतं. परळच्या टाटा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचं क्लिनिकही आहे. पहिले तीन-चार दिवस तो चिडचिडा असेल. चकलीत मीठ कमी आहे यावरून आवाज चढवेल. ते निकोटिनचं आहे, चकलीचं नाही. तुम्ही पुढचा घाणा काढा. आणि दर तासाला ‘ओढलीस का रे’ विचारत तोंडाचा वास घेऊ नका.

तीन आठवडे त्याचे वाफेविना गेले, तर परत गेल्यावर पंचेचाळीस की साडेबावीस हा प्रश्नच उरणार नाही, असंही होऊ शकतं. होईलच असं म्हणत नाही. मला सोडायला चार खेपा लागल्या. आणि पेढ्यांचं म्हणाल, तर ते सिगारेटसाठी ठेवले होते, सिगारेट सुटली आहे. व्हेप सिगारेटइतकं घातक नाही, निरुपद्रवीही नाही, पण देवाशी तुमचा व्यवहार तरी चोख आहे.

शेवटी ती ओट्यावरची बाटली. तुम्ही पत्रात अगदी शेवटी, ओघात लिहून गेलात, आणि मी इतका वेळ पैशांचं बोलत बसलो. त्या छोट्या कुपीत १८० मिलिग्रॅम निकोटिन असतं, मोठ्या बाटलीत मिसळल्यावर ३६०. दोन वर्षांच्या पोरीच्या पोटात त्यातलं थोडंसं गेलं तरी जिवावर बेतू शकतं. अंगावर सांडलं तरी लगेच धुवावं लागतं. वास फळांचा, रंगीत लेबल, आणि बाटली तिच्या दुधाच्या बाटलीच्या शेजारी. झाकण दाबून फिरवायचं असतं, मुलांना उघडता येऊ नये म्हणून, पण भरून झाल्यावर घाईत ते नुसतंच टेकवून ठेवतात. बाटल्या, कुप्या, भरलेलं यंत्र, सगळं वरच्या, कडी लागणाऱ्या कप्प्यात जायला हवं. पोरीने तोंडात घातल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपाय करत न बसता ९९९ ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन. हे मात्र मजकूर पाठवून भागणार नाही, तुम्हीच बोला, आणि आजच बोला. सध्या ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहेत. रात्री दहाला लावलात तर तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, नात जागी असेल. सुनेला फोन ओट्याकडे फिरवायला सांगा.